ताटातला चेक

शेंद्र्याच्या रस्त्याला लागलं की कारखान्यांच्या फाटकांवर उभे असलेले पहारेकरी मी अजूनही शर्टावरून ओळखते. आकाशी रंग, खांद्यावर गडद निळी पट्टी, खिशाला दुहेरी शिलाई. ती दुहेरी शिलाई मला कुणी सांगितली नव्हती. पहारेकरी खिशात किल्ल्या ठेवतो, पेन ठेवतो, तंबाखूची पुडी ठेवतो आणि शर्टाचा खिसाच आधी फाटतो, म्हणून मीच ती घालायला लावली होती. आता त्यातले बहुतेक शर्ट विरले असतील. तरी एखादा दिसला की माझी नजर आधी खिशावर जाते. त्या शर्टांसाठी मी कोर्टाची पायरी किती वेळा चढले ते मलाच माहीत.

माझ्या नवऱ्याचा चिकलठाण्याचा कारखाना बंद पडला तेव्हा मी मुकुंदवाडीला घराच्या पुढच्या खोलीत शिवणकाम सुरू केलं. आधी एक मशीन होतं, मग हळूहळू पाच झाली. चार बायका कामाला यायच्या. आमच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या कचेरीतली लेखणी चालवलेली, त्यामुळे सुरुवातीला नातेवाइकांनी नाकं मुरडली. मुरडू देत, नाकाला भाडं पडत नाही. आम्ही शाळेचे गणवेश शिवले, दवाखान्याच्या चादरी शिवल्या आणि घर चालवलं.

मग तो आला. वैजापूरकडचा, घरची शेती, शहरात येऊन कारखान्यांना, बँकांना पहारेकरी पुरवायचा धंदा करणारा. वयानं माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, बोलायला मऊ, पाया पडायला पुढे. पहिल्या दोन ऑर्डरींचे पैसे त्यानं ठरल्या दिवशी आणून दिले. तिसरी ऑर्डर मोठी होती. शेंद्र्याला नवे कारखाने उभे राहत होते आणि त्याला एकदम शेकड्यानं माणसं उभी करायची होती. मी गुलमंडीच्या कापडवाल्याकडून माझ्या शब्दावर कापड उचललं. नवरा म्हणाला, उधारीचं पोतं सव्वा हात रितं, निम्मे पैसे आधी घे. मी म्हटलं, दोनदा दिलेत ना त्यानं. दसऱ्यापासून आम्ही पाचही जणी मान मोडून बसलो आणि दिवाळीच्या आधी सगळा माल पोचता केला. त्याची माणसं टेम्पो घेऊन आली, माल मिळाल्याच्या चलनावर सह्या करून घेऊन गेली. बिल झालं एक लाख त्र्याऐंशी हजार सहाशेचं.

भाऊबीजेच्या सकाळी तो मिठाईचा डबा घेऊन दारात उभा. माझा भाऊ खुलताबादजवळच्या आमच्या गावाहून संध्याकाळी यायचा होता, त्यामुळे पाट, ताट, सगळी तयारी घरात होतीच.

"ताई, मला सख्खी बहीण नाय," तो म्हणाला. "यंदा तुमच्या हातनं ओवाळून घ्यायचंय."

मला फार बरं वाटलं, हे आजही कबूल करते. धंद्यात माणसं मला बाई म्हणायची, मॅडम म्हणायची, माझ्या मागे काय म्हणायची ते सोडा. पाटावर बसून माझ्यापुढे मान वाकवणारा हा पहिलाच. मी कुंकू लावलं, सुपारी आणि अंगठी ओवाळली, निरांजन फिरवलं. आमच्याकडच्या चौघींतली सगळ्यात थोरली बाई फराळाचं ताट परत करायला आली होती, तिच्या हातात त्यानं स्वतःचा मोबाइल दिला आणि फोटो काढायला सांगितला. तिनं काढला. फोटोत मी ओवाळते आहे आणि तो ताटात एक पांढरं पाकीट ठेवतो आहे, असं स्वच्छ दिसतं.

पाकिटात पुढच्या महिन्याच्या तारखेचा चेक होता. म्हणाला, तुमच्या बिलाचेच आहेत, पण म्हटलं सणाची लक्ष्मी ताटातच द्यावी. चेक एक लाख ऐंशी हजाराचा आहे, हेही त्यानंच सांगितलं. वरचे तीन हजार सहाशे नंतर देतो म्हणाला, तर मीच हात झटकला. भावाकडून वरचे कसले घ्यायचे, सोडले म्हणून समज, असं म्हणून मी त्याच्या हातावर अनारसा ठेवला. नवरा मला आत बोलावून हळूच म्हणाला की पावती फाड, तिच्यावर त्याची सही घे. मी त्याच्यावरच चिडले. पाटावर बसलेल्या माणसापुढे पावतीपुस्तक घेऊन जायचं? आमच्या घरात ताटात पडलेलं पाकीट पाहुण्यासमोर उघडतसुद्धा नाहीत, तिथे मी सही मागणार होते होय!

महिन्यानं चेक भरला आणि तो परत आला. खात्यात शिल्लक नाही, असा शेरा मारलेला कागद घ्यायला मी जालना रोडवरच्या बँकेत गेले, तर दाराशी उभा असलेला पहारेकरी माझाच शर्ट घालून होता. त्यानं सलाम ठोकला. मी न राहवून विचारलं, कसा आहे शर्ट?

"कापड लई चांगलंय, बाई," तो म्हणाला. "पगार तेवढा तारखेला व्हत नाय."

तेव्हा मला उमगलं की हा पाटावरचा भाऊ एकट्या माझ्याशी असं वागत नाही. त्या पहारेकऱ्याचा मला राग आला नाही, त्याच्या अंगावरच्या शर्टाचा आला. शर्ट काय करणार बिचारा, तो चांगला बसला होता.

पुढचे काही दिवस फोन. ताई, आठ दिवस. ताई, कंपनीनं माझंच बिल अडकवलंय. ताई, गावाकडं आलोय. मग फोन उचलणंच थांबलं. इकडे गुलमंडीचा कापडवाला रोज निरोप पाठवायचा. तो भला माणूस होता, पण त्यालाही कुणाचं तरी द्यायचं होतंच.

आधी पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, यानं आधी कधी पैसे दिले होते का? मी अभिमानानं सांगितलं की दोनदा, अगदी वेळेवर. साहेब म्हणाले, मग फसवणूक कशी म्हणायची? फसवणुकीचा गुन्हा लावायचा तर त्याच्या मनात पहिल्यापासून खोट होती असं दिसायला पाहिजे. हा व्यवहारातला वाद आहे, दिवाणी मामला, कोर्टात जा. म्हणजे त्यानं पहिले दोन वेळा दिलेले पैसेच त्याच्या मदतीला धावले. पैसे देऊन अब्रू विकत घेता येते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये असं आपल्यात म्हणतात. ही म्हण पहिल्यांदा काढणारा बहुतेक कुणाचं तरी देणं लागत असावा. आम्ही अदालत रोडवर नवऱ्याच्या ओळखीच्या एका वकिलांकडे गेलो. वयस्कर, सावकाश बोलणारे, मला वहिनी म्हणणारे. त्यांनी एकेक वाट समजावून सांगितली. लघुउद्योग म्हणून सरकारदरबारी नोंदणी असती तर थकलेल्या बिलासाठी वेगळी परिषद आहे, तिथे व्याजासकट मागता आलं असतं, पण नोंदणी माल देण्याआधी हवी, आता करून उपयोग नाही. दुसरी वाट म्हणजे चेक न वटल्याची फौजदारी. चेक परत आल्याचं कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस पाठवायची, पैसे द्यायला त्याला पंधरा दिवस मिळतात, त्यात दिले नाहीत तर महिन्याच्या आत कोर्टात तक्रार. तिसरी वाट म्हणजे मालाच्या किमतीचा दिवाणी दावा, त्याला तीन वर्षांची मुदत. लांबची वाट आहे, ते म्हणाले, पण बंद होत नाही. आम्ही नोटीस पाठवली.

त्याच्या वकिलाचं उत्तर आलं ते मी ओट्याशी उभी राहून वाचलं आणि दूध उतू गेलं. त्यात लिहिलं होतं की तक्रारदार बाई माझ्या अशिलाला भाऊ मानतात. त्यांचा व्यवसाय अडचणीत होता. भाऊबीजेच्या दिवशी अशिलानं मानलेल्या बहिणीला मदत म्हणून चेकची ओवाळणी घातली. पुढे अशिलाचीच ओढाताण झाल्यानं तो चेक वटला नाही, याचा त्यांना खेद आहे. गणवेशांचे पैसे त्यांनी वेळच्या वेळी रोख दिलेले आहेत. ओवाळणी हे कायद्यानं वसूल करायचं देणं नव्हे. सोबत फोटो जोडला होता.

वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला. अडचण खरीच होती. चेकचा खटला देण्यापोटी दिलेल्या चेकवर चालतो, भेट दिलेल्या चेकवर नाही. कोर्ट आधी तुमच्याच बाजूनं धरून चालतं की चेक देण्यापोटी होता, पण समोरच्यानं नुसती शंका उभी केली तरी त्याला पुरतं. आणि शंकेला लागणारं सगळं सामान मीच पुरवलं होतं. रक्कम कुठल्याच बिलाशी जुळत नव्हती, कारण वरचे पैसे मी सोडले होते. पावती नव्हती, कारण सण होता. फोटो होता, कारण मला कौतुक होतं.

तरीही तक्रार दाखल केली. वकिलांनी सांगितलं म्हणून त्याच सुमारास दिवाणी दावाही टाकून ठेवला. मग तारखा सुरू झाल्या. कधी तो आला नाही, कधी त्याचा वकील आला नाही, कधी कोर्टालाच वेळ नव्हता. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं, तशी आमची गत. कापडवाल्याचं देणं मी तीन मशीन विकून फेडलं. चौघींची मजुरी आधीच भागवली होती, पण दोन मशीनवर पाच जणींना काम कुठून पुरणार? दोघी जणी दुसरीकडे गेल्या. थोरली राहिली. आपण फोटो काढला म्हणून तिला फार लागलं होतं. मी तिला पुष्कळदा सांगितलं की बाई, तू बटण दाबलंस, पाकीट नाही घातलंस. तरी ती मान खालीच घालायची.

माझी उलटतपासणी होती त्याच्या आदल्या दिवशी वकीलसाहेब म्हणाले, "वहिनी, फोटोबद्दल विचारतील. बरीच वर्षं झाली, नीट आठवत नाही, इतकंच म्हणा. त्यात खोटं काही नाही." रात्री नवराही तेच म्हणाला. सगळं त्या एका उत्तरावर लोंबकळत होतं, हे मला समजत नव्हतं असं नाही. खटला जिंकला तर मशीन परत येणार होती, दोघी परत येणार होत्या, घराची पुढची खोली पुन्हा वाजती होणार होती.

पिंजऱ्यात उभी राहिले तेव्हा तो समोरच बाकावर होता. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. त्याच्या वकिलानं फोटो माझ्या हातात दिला. यात ओवाळणाऱ्या आपणच का? हो. दिवस भाऊबीजेचा? हो. मग त्या वकिलानं विचारलं,

"ओवाळताना भाऊ ताटात जे घालतो, त्याला काय म्हणतात?"

आठवत नाही, असं म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. पण मला तर सगळं आठवत होतं. निरांजनाची वात मी दुपदरी वळली होती. त्याच्या कपाळावर घाम होता आणि कुंकू जरा ओघळलं होतं, ते मी पदरानं टिपलं होतं. खोटं त्यानं केलं होतं, मी नव्हतं. त्याच्यासाठी मी माझी भाऊबीज का विसरावी?

"ओवाळणी म्हणतात," मी म्हणाले. "पण त्यात माझे स्वतःचे पैसे घालून मलाच ओवाळणी म्हणून देणारा भाऊ मी पहिल्यांदा पाहिला."

कोर्टात कुणीतरी हसलं. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत, त्यांनी मला विचारल्यापुरतंच बोलायला बजावलं आणि टंकलेखकाला फक्त माझं पहिलं वाक्य सांगितलं. दुसरं कागदावर आलंच नाही. काही तारखांनंतर तो सुटला. निकालात लिहिलं होतं की चेक कायदेशीर देण्यापोटी दिल्याचं निःसंशय सिद्ध होत नाही. वर अपील करता आलं असतं, पण त्या खर्चासाठी उरलेली दोन मशीनही विकावी लागली असती.

दिवाणी दावा राहिला होता. तिथे मात्र गोष्ट उलटी होती. चलनांवर त्याच्या माणसांच्या सह्या होत्या, माल पोचला हे तो नाकारत नव्हता, आणि रोख पैसे दिले म्हणतो तर ते दाखवायचं काम त्याचं होतं. त्याच्याकडे दाखवायला काही नव्हतं. हे त्यालाही कळलं असावं, कारण लोकअदालतीत तडजोड करू म्हणून निरोप आला.

कोर्टाच्या आवारात मांडव घातला होता, टेबलं लावली होती. एका टेबलाशी निवृत्त न्यायाधीश बसले होते, त्यांच्यापुढे आम्ही. तो म्हणाला की पूर्ण एक लाख ऐंशी हजार द्यायला तयार आहे, आजच अर्धे, बाकीचे महिन्यात. फक्त तडजोडीच्या कागदावर लिहायचं की मानलेल्या बहिणीला मदत म्हणून ही रक्कम दिली. मला बाजारात तोंड दाखवायचंय, म्हणाला. मी विचारलं, गणवेशांची राहिलेली किंमत, असं लिहिलं तर? किंमतच म्हणायची तर मग शिलाई कच्ची होती, निम्मे शर्ट उसवले, निम्मेच पैसे होतात, असं त्यानं सांगितलं.

शिलाई कच्ची! दुहेरी शिलाईचा खिसा शिवणाऱ्या थोरलीचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला. निवृत्त साहेब समजूत घालत होते की शब्दांत काय आहे, हिशेब मिटला एवढं मोघम लिहू. नवरा माझा हात दाबत होता.

"अगं, पैसा तोच ना," तो पुटपुटला. "घे आणि मोकळी हो."

पैसा तोच होता, खरंय. पण मी त्या मानलेल्या भावाकडे मदत मागितली नव्हती. आम्ही पाच जणींनी डोळे फोडून कापड शिवलं होतं आणि विकलं होतं. आयुष्यभर लोकांनी माझ्या कामाला विरंगुळा म्हटलं, नवऱ्याला हातभार म्हटलं. आता कोर्टाच्या शिक्क्याखाली त्याला कुणाची दया म्हणवून घ्यायची माझी तयारी नव्हती. मी साहेबांना सांगितलं, निम्मे चालतील. पण गणवेशांची किंमत लिहा, शिलाईबद्दल अक्षर नको.

साहेबांनी दोनदा विचारलं आणि मग तसं लिहिलं. खाली आम्ही दोघांनी सह्या केल्या. नव्वद हजार त्यानं खरोखरच भरले, कारण लोकअदालतीचा कागद म्हणजे कोर्टाचा हुकूमच, आता न भरून चालणार नव्हतं. नवरा घरी येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही, आणि त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. वकिलांची फी गेली, जुनी उसनवारी गेली, उरल्यात एक मशीन आलं. त्यावर थोरली बसली. तिला मी कागदावरची ती ओळ वाचून दाखवली तेव्हा तिनं मशीनला नमस्कार केला आणि लगेच दोरा ओवायला घेतला.

ही गोष्ट मी इतक्यांना सांगितली आहे की आता आमच्या भागात शिवणकाम करणाऱ्या बायका माल द्यायच्या आधी नोंदणी करतात, चलनावर शिक्का मागतात, चेक घेतला की मागे बिलाचा नंबर लिहून घेतात. त्या मला विचारायला येतात आणि मी वकिलासारखी बोलते. माझं बरंचसं भरून आलं, असं लोक म्हणतात. मीही हो म्हणते.

भाऊबीजेला माझा भाऊ अजून येतो. आता तो थकला आहे, खुलताबादचा घाट उतरून येताना एसटीत त्याचं अंग आंबतं, तरी चुकवत नाही. पाटावर बसतो, टोपी सारखी करतो, मान वाकवतो. मी कुंकू लावते, निरांजन उचलते, आणि तो सदऱ्याच्या खिशात हात घालतो. त्या क्षणी माझी नजर त्याच्या तोंडावरून सुटते आणि ताटावर जाऊन बसते. तो काय घालतोय ते मी बघते, आणि ते बघून झाल्यावरच मला माझा भाऊ दिसतो. त्याच्या हे लक्षात आलेलं आहे. मागच्या वर्षी तो नोट हातात उघडी धरून दोन्हीकडून मला दाखवत म्हणाला, "बघून घे, बाई." गमतीनंच म्हणाला. निरांजन माझ्या हातात होतं, म्हणून मला डोळे पुसता आले नाहीत. यातलं माझं जे गेलं, ते कुठल्या कोर्टात मागायचं, हे आमच्या वकीलसाहेबांनाही माहीत नव्हतं.